मॅमथचे अवशेष कसे वाचायचे: आधी कुजणं, मग प्राणी

गोठलेल्या मॅमथच्या, म्हणजे हिमयुगातल्या नामशेष हत्तीच्या, अंगावर दोन तऱ्हेच्या खुणा असतात. काही तो जिवंत असतानाच्या, काही मेल्यावर चिखलाने, पाण्याने आणि जिवाणूंनी उमटवलेल्या. दुसऱ्या खुणा आधी वेगळ्या काढायच्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळलं की पुढचं सगळं वाचन फसतं.

२००७ मध्ये सायबेरियातल्या यामाल द्वीपकल्पावर सापडलेली ल्युबा, मॅमथचं मादी पिल्लू, घ्या. वय जेमतेम महिन्याचं, वजन सुमारे ५० किलो, मृत्यू अंदाजे ४२,००० वर्षांपूर्वीचा. श्वासनलिकेत आणि सोंडेत बारीक गाळ ठासलेला होता, म्हणजे गाळात गुदमरून मेली. पोटात दूध होतं, आतड्यात मोठ्या मॅमथची विष्ठा. हत्तीची पिल्लंही विष्ठा खातात. गवत पचवणारे जिवाणू पोटात जातात ते तिथूनच. मानेवरच्या चरबीच्या उंचवट्यावरून थंडीत ऊब देणाऱ्या साठ्याचा अंदाज येतो. हे सगळं जीवशास्त्र झालं. पण तिच्या शरीरातल्या निळ्या गाठी मात्र रोगाच्या नाहीत. तो व्हिव्हियनाइट: हाडांतलं फॉस्फेट आणि लोह मिळून मृत्यूनंतर तयार झालेलं खनिज. ताजं असताना ते जवळजवळ रंगहीन असतं, हवा लागली की निळं पडतं.

म्हणून शव पूर्ण वितळवायची घाई नको. गोठलेल्या अवस्थेतच सीटी स्कॅन करा, आतला गाळ, खनिज आणि मोडलेली हाडं कुठे आहेत ते बघा, मग ठरवून लहान नमुने काढा. वितळवणं आणि परत गोठवणं शक्यतो टाळा, कारण दर खेपेला बर्फाचे स्फटिक उरल्यासुरल्या पेशी फोडतात.

अवशेष किती जुने ते मोजायला कार्बन-१४, म्हणजे किरणोत्सारी कार्बन. त्याचा अर्धायुष्यकाल (निम्मा विघटन व्हायला लागणारा काळ) ५,७३० वर्षं, त्यामुळे सुमारे ५०,००० वर्षांपलीकडे मोजण्यासारखं काही उरत नाही. अशा वेळी आलेला आकडा ‘याहून जुना’ एवढंच सांगतो, नेमकं वय नव्हे. हाडातून कोलॅजन हे प्रथिन वेगळं काढूनच मोजायचं. जुन्या संग्रहातलं हाड असेल तर ते कशाने चिकटवलंय ते आधी विचारा. प्राणिज सरस हादेखील कोलॅजनच, त्यामुळे तो मिसळला की हाड आहे त्यापेक्षा कोवळं दिसतं.

दाढेकडे वळा. मॅमथला आयुष्यात एका पाठोपाठ सहा दाढांचे संच येत, मागची दाढ पुढचीला ढकलत सरकायची. कोणती दाढ वापरात आहे आणि किती झिजली आहे यावरून प्राणी मेला तेव्हा किती वर्षांचा होता ते काढता येतं. केसाळ मॅमथच्या शेवटच्या दाढेत इनॅमलच्या २६ पर्यंत आडव्या पट्ट्या असू शकतात. रुक्ष गवत दळायला हीच रचना लागते. नुसत्या पट्ट्या मोजल्या तर चूक होते, कारण पुढच्या झिजून गळून गेलेल्या असतात. त्याऐवजी १० सेंमी लांबीत किती पट्ट्या बसतात ते मोजा. पट्ट्या पंख्यासारख्या पसरतात, म्हणून माप चावायच्या बाजूला आणि मुळाशी अशा दोन्ही ठिकाणी घेऊन सरासरी काढा.

सगळ्यात बोलका अवयव म्हणजे सुळा. तो एकात एक बसवलेल्या शंकूंसारखा वाढतो: टोकाला बालपण, मुळाशी पोकळीच्या आतल्या कडेला मृत्यूचा आठवडा. सुळा अक्षाला धरून लांबीने चिरा. आडवा काप घेतला तर पूर्ण क्रम हाती लागत नाही. चीर मध्यातून सरकली तर थर तिरके कापले जाऊन वाढ खऱ्यापेक्षा जास्त वाटते. टोक जिवंतपणीच झिजलेलं असतं, तेव्हा पहिली काही वर्षं गेलीच असं धरून चाला.

प्रत्येक थरातून थोडीथोडी भुकटी काढून समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) मोजतात. खडकांतून चाऱ्यात उतरणाऱ्या स्ट्रॉन्शियमवरून प्राणी कुठल्या खडकांच्या प्रदेशात चरत होता ते समजतं. २०२१ मध्ये अलास्कातल्या सुमारे १७,१०० वर्षांपूर्वीच्या एका नर मॅमथचा २८ वर्षांचा प्रवास असाच मांडला गेला. नायट्रोजन-१५, म्हणजे नायट्रोजनचं जड समस्थानिक, वाढलेला दिसला तर मात्र थांबा. दूध पिणाऱ्या पिल्लातही तो वाढतो आणि उपासमारीतही, कारण तेव्हा शरीर स्वतःचेच स्नायू जाळतं. वाढ आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते पाहून अर्थ लावा. त्या अलास्कन नरात ती अखेरीस आली, म्हणजे तो उपाशी मेला असावा. २०२३ मध्ये सुळ्याच्या थरांत टेस्टोस्टेरॉन या नर संप्रेरकाचे चढउतारही मोजले गेले. नर हत्तीसारखाच मॅमथही माजावर येत होता.

केसांच्या रंगावर विश्वास ठेवू नका. संग्रहालयात दिसणारा तांबूस-नारिंगी रंग बऱ्याचदा रंगद्रव्य विरल्याने आलेला असतो. डीएनएसाठी मात्र केस उत्तम: केराटिन या केसांतल्या प्रथिनाच्या आत तो सुरक्षित राहतो, त्यामुळे बाहेरचे जिवाणू ब्लीचच्या द्रावणाने धुऊन टाकता येतात.

हाडातून डीएनए काढताना वरचा थर खरवडून टाका आणि ड्रिल सावकाश फिरवा, उष्णतेने धागे तुटतात. नमुना नसलेली एक रिकामी नळी शेवटपर्यंत सोबत चालवा. तिच्यातही डीएनए सापडला तर तो प्रयोगशाळेतला. जुन्या तुकड्यांच्या टोकांना डीएनएच्या चार अक्षरांपैकी ‘सी’ हे अक्षर ‘टी’ असं वाचलं जातं. ही झीज दिसली की तुकडा खरंच प्राचीन असल्याची खात्री वाटते, पण तीच उत्परिवर्तन म्हणून मोजली तर नसलेला गुणधर्म चिकटवला जातो. विकराने (एन्झाइमने) बिघडलेली अक्षरं काढा, नाहीतर टोकं छाटून टाका.

आणि जनुक सापडलं म्हणजे काम कळलं असं नव्हे. हिमोग्लोबिनच्या बाबतीत २०१० मध्ये संशोधकांनी मॅमथचं प्रथिन ई. कोलाय जिवाणूंकडून बनवून घेतलं आणि तपासलं. थंड ऊतींतही ते ऑक्सिजन सहज सोडतं, हे तेव्हा दिसलं. या पायरीला पर्याय नाही.

लिंग ठरवताना नुसत्या बाह्य अवयवांवर भिस्त ठेवू नका. २०१० मध्ये सायबेरियातल्या याकुतियात सापडलेला, मेंदूसकट टिकलेला युका नावाचा मॅमथ वर्षानुवर्षं मादी म्हणून ओळखला गेला. २०२५ मध्ये त्याच्या ऊतींतल्या सुमारे ३९,००० वर्षं जुन्या आरएनएचा (जनुकांच्या कामाच्या प्रतींचा) अभ्यास झाला, तेव्हा जनुकीय पुराव्यावरून तो नर निघाला. नोंदवहीत लिंगापुढे ते कोणत्या पद्धतीने ठरवलं हेही लिहा.