आलिशान गाडीचे रंग ठरवताना: आधी आतला, मग बाहेरचा

बहुतेक जण आधी बाहेरचा रंग पक्का करतात आणि मग त्याला शोभेल असं आतलं काहीतरी निवडतात. आमचा सल्ला नेमका उलटा आहे. स्टिअरिंगवर बसल्यावर बॉनेटचा तुकडा सोडला तर बाहेरचा रंग दिसतच नाही. तासन्‌तास समोर असतात ते डॅशबोर्ड, दारांचे आतले भाग आणि सीट. बाहेरच्या रंगाचा कंटाळा आला तर गाडी रॅप करता येते, म्हणजे तिच्यावर रंगीत फिल्म चढवता येते. आतलं चामडं, गालिचा, छताचं कापड असं सगळं पुन्हा एका मेळात बदलून घेणं मात्र जिकिरीचं असतं. त्यात बऱ्याच गाड्यांच्या सीटमध्येच बाजूची एअरबॅग असते. ती ठरावीक शिवणीतून फाटून बाहेर यावी लागते, त्यामुळे सीटची आवरणं कुणाकडूनही शिवून घेऊ नयेत.

सुरुवात डॅशबोर्डच्या वरच्या भागापासून करा. तो गडद आणि चमक नसलेलाच हवा. हा भाग क्रीम किंवा पांढुरका असेल तर भर उन्हात त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेवर पडतं आणि रस्त्यावर धूसर पडदा ओढल्यासारखं दिसतं. सीट फिकट घेऊनही वरचा डॅशबोर्ड काळा, गडद तपकिरी किंवा गडद निळा ठेवता येतो. दुरंगी इंटिरिअरचा सर्वांत मोठा फायदा हाच. फिकटच हवा असेल तर तशी गाडी दुपारच्या उन्हात चालवून पाहा, शोरूमच्या छताखाली हा दोष कळत नाही.

आता सीट. क्रीम आणि हस्तिदंती रंग फोटोत देखणे दिसतात, पण त्यांचा वैरी एकच: नवी गडद निळी जीन्स. कापडातली कच्ची नीळ घाम आणि उष्णतेनं सुटते आणि चामड्यावर बसते. ड्रायव्हर सीटची दाराकडची उंच कड नीट पाहा. चढता-उतरताना मांडी तिथेच घासते, म्हणून निळसर डागही तिथेच आधी पडतो आणि पुढे भेगाही तिथेच. डाग ताजा असताना चामड्याच्या क्लीनरनं आणि मऊ ब्रशनं निघतो. वरच्या थरात मुरला की त्या भागाला पुन्हा रंग देण्याशिवाय गत्यंतर नसतं.

म्हणून रंगाइतकंच चामड्याच्या प्रकाराकडे लक्ष द्या. पिगमेंटेड चामड्यावर रंगाचा संरक्षक थर असतो, ते पुसायला सोपं आणि उन्हाला टिकाऊ. सेमी-अ‍ॅनिलिनवर हा थर पातळ असतो, त्यामुळे स्पर्श मऊ लागतो. फुल अ‍ॅनिलिन सर्वांत मुलायम, पण असा थर नसल्यानं ते पाणी आणि तेल चटकन शोषतं. फिकट रंग हवाच असेल तर पिगमेंटेड घ्या, अ‍ॅनिलिनचा हट्ट असेल तर मध्यम किंवा गडद छटा घ्या. टॅन, विटकरी तपकिरी, करडा-तपकिरी या मधल्या छटा धूळही लपवतात आणि निळीचा डागही. सच्छिद्र सीटवर चामड्याला लावायचं क्रीम थेट ओतू नका, छिद्रांत सुकून पांढरे ठिपके दिसतात. फडक्यावर घेऊन हलक्या हातानं लावा.

मधल्या कन्सोलवर चकचकीत काळं प्लॅस्टिक शक्यतो टाळा. बोटांचे ठसे आणि बारीक ओरखडे त्यावर पहिल्या काही आठवड्यांतच दिसू लागतात, आणि हात सतत जातो तोही तिथेच. त्याऐवजी लाकडाचा नैसर्गिक पोत हाताला लागेल असं, जाड लॅकर नसलेलं लाकूड घ्या. रंग एकूण तीनच ठेवा: एक मुख्य, एक साथीचा, आणि तिसरा फक्त शिवणीत किंवा कडांच्या पट्टीत. लाल शिवण, तपकिरी लाकूड, निळी प्रकाशपट्टी आणि क्रीम सीट एकत्र आली की कुठलीच गोष्ट नजरेत भरत नाही.

बाहेरचा रंग: झाक ओळखा

आतला रंग उबदार आहे की थंड, हे ठरलं की बाहेरचा निम्मा प्रश्न सुटतो. टॅन किंवा तपकिरी आतल्या भागाला गडद हिरवा, गडद निळा, मरून आणि मोतिया पांढरा खुलून दिसतात. करड्या किंवा निळसर काळ्या आतल्या भागासोबत चंदेरी आणि शुभ्र पांढरा बसतो. अडचण अशी की रंगाची झाक सहज दिसत नाही. साधा कोरा पांढरा कागद घेऊन तो रंगाच्या नमुन्याला चिकटवून धरा. नुसता ‘पांढरा’ वाटणारा रंग कागदाशेजारी पिवळसर किंवा निळसर निघतो, आणि ‘काळ्या’त कधी निळा, कधी तपकिरी, कधी हिरवा सापडतो.

नमुना छापील कार्डावरचा नको, स्क्रीनवरचा तर नकोच. रंगवलेला, वक्र आकाराचा तुकडा मागा. तो सकाळच्या उन्हात, ढगाळ हवेत, संध्याकाळी आणि रस्त्यावरच्या दिव्याखाली पाहा. मेटॅलिक रंगात धातूचे चपटे कण असतात, पर्लमध्ये, म्हणजे मोतिया रंगात, लेप दिलेले अभ्रकाचे कण. त्यामुळे समोरून उजळ दिसणारा रंग तिरक्या नजरेला गडद होतो. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की कण किती जाड आहेत, हेही कळतं.

गाडीचा आकारही बघा. धातूच्या कणांची चमक नसलेला सपाट करडा सध्या सर्वत्र दिसतो. ठळक घड्या असलेल्या बांध्यावर तो उठून दिसतो, पण गोलसर, मऊ बांध्यावर गाडी नुसता प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर) मारून सोडल्यासारखी वाटते. लांब, मोठ्या सेडानला गडद रंग बांधीव करतो, छोट्या गाडीला फिकट रंग भरीव करतो.

काळ्याबद्दल स्पष्टच सांगायला हवं. धुतल्यानंतर पहिल्या तासाभरात काळ्याइतका सुंदर रंग दुसरा नाही. पण कोरड्या फडक्यानं रोज धूळ पुसली तर क्लिअर कोटवर (रंगावरच्या पारदर्शक थरावर) कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे उठतात, आणि काळ्यावर ते सर्वांत जास्त दिसतात. उष्णतेचाही मुद्दा आहे. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेनं २०११ मध्ये एकसारख्या काळ्या आणि चंदेरी गाड्या उन्हात ठेवून मोजमाप केलं. चंदेरी गाडीचं छत २५ अंश सेल्सिअसपर्यंत आणि आतली हवा साधारण ५ ते ६ अंशांनी थंड राहिली.

दुरुस्तीचा विचार आजच करा. साधा, कण नसलेला रंग एका पॅनलपुरता (दार, बॉनेट असा एक भाग) जुळवता येतो. मेटॅलिकसाठी बहुधा शेजारच्या पॅनलवरही रंग विरळ करत न्यावा लागतो. तीन थरांच्या मोतिया पांढऱ्यात किंवा खोल लालमध्ये मधल्या पारदर्शक थराची जाडी थोडी जरी चुकली तरी छटा बदलते, तिथे फार कुशल हात लागतो. मॅटला, म्हणजे न चकाकणाऱ्या रंगाला, पॉलिश चालतच नाही, घासलं की चकाकता डाग पडतो, म्हणून ओरखडा आला की पूर्ण पॅनल रंगवावं लागतं. पक्ष्यांची विष्ठाही मॅटवरून तासाभरात, भरपूर पाण्यानं सैल करून काढावी लागते. मॅट रूप फार आवडत असेल तर चकचकीत रंगाची गाडी घेऊन त्यावर मॅट पीपीएफ (रंगाचं रक्षण करणारी पारदर्शक फिल्म) बसवा. ही फिल्म साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाड असते, दगडांचा मारा झेलते आणि पुढे काढता येते. सिरॅमिक कोटिंग या रंगावर लावायच्या पातळ लेपानं दगडाचे टवके थांबत नाहीत, त्यानं फक्त धुणं सोपं होतं.

ऑर्डर आणि ताबा

ऑर्डरच्या कागदावर रंगाच्या नावाबरोबर कोडही हवा. डॅशबोर्ड, छत, गालिचा, शिवण आणि चाकं यांची नोंद वेगवेगळी तपासा. पोर्शच्या पेंट टू सॅम्पलसारख्या योजनेतून खास रंग घेत असाल तर प्रतीक्षा वाढते. दुरुस्तीसाठी त्या रंगाचं सूत्र कुठे मिळेल, हे आधीच विचारून ठेवा.

ताबा घेताना गाडी धुतलेली आणि कोरडी असावी, आणि ती उन्हात बघावी. बंपर प्लॅस्टिकचे असतात आणि बहुतेकदा वेगळे रंगवले जातात, त्यामुळे किंचित फरक चालतो. दोन दारांमधला फरक मात्र चालवून घेऊ नका. रंगाची जाडी मोजणारं यंत्र मागा. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो, खास रंगांत थोडा जास्त. एकच पॅनल बाकीच्यांच्या दुप्पट दाखवत असेल तर ते पुन्हा रंगवलेलं असण्याची दाट शक्यता आहे. अ‍ॅल्युमिनिअमच्या पॅनलसाठी पोलाद आणि अ‍ॅल्युमिनिअम दोन्हींवर चालणारं यंत्र लागतं, साधं चुंबकीय यंत्र तिथे आकडाच दाखवत नाही. पॅनलवर टॉर्चच्या उजेडात इंद्रधनुषी फराटे दिसले तर ते घाईनं केलेल्या बफिंगचे (यंत्रानं पॉलिश करण्याचे) असतात. पीपीएफ बसवण्याआधी ते काढून घ्या, कारण नंतर ते फिल्मखाली तसेच राहतील.