मणी फुगला पण गोडी भरेना? द्राक्षबागेत या चुका टाळा

तासगाव, पलूसकडं जानेवारी लागला की एकच रडगाणं, मणी 18 एमएमचा झालाय पण ब्रिक्स (म्हणजे रसातल्या गोडीचं माप) 14 च्या वर जाईना.

जीए (जिबरेलिक अॅसिड, मणी फुगवायचं संजीवक) मारलं की गोडी वाढते हे आधी डोक्यातनं काढा. साखर पानात बनते, पुडीत नाही. जीएमुळं मण्याच्या पेशी फुगतात, त्याची भूक वाढते आणि तो पानातली साखर स्वतःकडं ओढतो, आत आल्यावर तिचं ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं म्हणजे पुढची साखर यायला वाट मोकळी. पण काडीवर पानं सात-आठ आणि घड दोन, मग ओढणार कुठनं? घडामागं 15 च्या आसपास चांगली पानं लागतात. जास्तीचे घड काढताना जीव तुटतो, खरंय, पण काढा.

सगळ्यात महागात पडते ती सीपीपीयूची, म्हणजे मणी फुगवणाऱ्या दुसऱ्या संजीवकाची हौस. मी एका वर्षी शेजारच्या बागेचं बघून डोस वाढवला, मणी असा टरारला की लोक फोटो काढायला यायचे, पण पाणी उतरायचं, म्हणजे मणी मऊ पडून पिकायला लागायचं नाव नाही, व्यापारी दोनदा येऊन मणी चाखून तोंड वाकडं करून गेला आणि तोवर दर पडला होता. सीपीपीयू मण्याला कोवळाच ठेवतं हो. पिकवायचं काम एबीएचं, म्हणजे अॅब्सिसिक अॅसिडचं, पाणी उतरताना ते मण्यात आपसूक वाढतं आणि तिथनंच साखर भराभर साठायला लागते. त्यामुळं आकारासाठीचं जे काय डिपिंग (घड द्रावणात बुडवणं) ते मणी बारीक असतानाच उरका, पाणी उतरल्यावर जीए, सीपीपीयूला हात लावू नका, त्या टायमाला भरमसाट पाणी आणि युरिया पण नको.

गर्डलिंग, म्हणजे खोडाची साल गोल पट्टीनं काढणं, ते करणाऱ्यांनी फक्त साल काढायची, कारण साखर सालीतनंच खाली मुळाकडं जाते, ती वाट बंद झाली की वरच्या घडाला मिळते. सुरी लाकडात घुसली तर पाण्याचीच वाट तुटली. आणि कमजोर झाडावर तर करूच नका, मुळं उपाशी मरतात.

बाकी हिशोब सोपा, 100 लिटरला 1 ग्रॅम जीए म्हणजे 10 पीपीएम (दहा लाख भागांत 10 भाग). पावडर थेट पाण्यात टाकू नका, आधी अल्कोहोलमध्ये विरघळवा, आणि बोअरचं पाणी असेल तर पीएच तपासून आधी आम्लाकडं आणा, पीएच जास्त असलेल्या पाण्यात जीएचा जोर जातो आणि मग आपण दुकानदाराला शिव्या घालत बसतो.