चुकलेला पैशाचा निर्णय सुधारायचाय? हिशेब आजपासून मांडा

निर्णय चुकला हे कळूनही माणूस तिथेच अडकून पडतो, कारण आतापर्यंत भरलेला आकडा डोळ्यांसमोरून हलत नाही. “पाच वर्षं पॉलिसीचे हप्ते भरलेत, आता कसं सोडू?” हा प्रश्न अगदी स्वाभाविक आहे, पण हिशेबात त्याला जागा नाही. ते पैसे ठेवलं तरी गेले, सोडलं तरी गेले. कागदावर तीनच आकडे घ्या: आज बाहेर पडलात तर हातात किती येतात, पुढे किती भरायचे आहेत आणि शेवटी किती मिळणार आहेत.

समजा, विमा आणि बचत एकत्र असलेली पॉलिसी आहे. आज सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधीच बंद केली, तर १,००,००० मिळतात. अजून १० वर्षं, दर वर्षाच्या सुरुवातीला ५०,००० भरायचे आहेत आणि मुदत संपल्यावर ९,००,००० मिळतील असं सांगितलंय. हेच १,००,००० आणि दरवर्षीचे ५०,००० दुसरीकडे ६ टक्क्यांनी वाढले, तर १० वर्षांनी साधारण ८,७७,७०० होतात. म्हणजे पॉलिसी इथून पुढे सहा टक्क्यांहून जेमतेम जास्त देणार. तेवढ्याच जोखमीत, कर वजा जाता, याहून जास्त मिळत असेल तर सोडा. नसेल तर चालू ठेवा, मग ती घेताना कितीही फसगत झालेली असो.

त्या ९,००,००० पैकी हमीचे किती आणि बोनसच्या अंदाजाचे किती, हे लेखी मागून घ्या आणि फक्त हमीची रक्कम धरूनही एकदा गणित करा. पेड-अप व्हॅल्यूही विचारा; बऱ्याच पॉलिसींमध्ये हप्ते थांबवून कमी रकमेची पॉलिसी तशीच ठेवता येते. घरच्यांना विम्याची गरज असेल, तर नवी टर्म पॉलिसी (बचत नसलेला, फक्त मृत्यूनंतर रक्कम देणारा विमा) सुरू झाल्याशिवाय जुनीला हात लावू नका. वैद्यकीय तपासणीत काही निघालं तर नवा विमा नाकारला जाऊ शकतो, आणि तोवर जुना गेलेला असतो.

सगळ्यात मुकाट्याने पैसा खातं ते क्रेडिट कार्डाचं ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलातली दर महिन्याला भरावीच लागणारी किमान रक्कम. बाकी १,००,०००, व्याज महिन्याला ३ टक्के आणि मिनिमम ड्यू बाकीच्या ५ टक्के धरू. पहिल्या महिन्यात व्याज धरून बाकी १,०३,००० होते, तुम्ही ५,१५० भरता, पण कर्ज फक्त २,१५० ने उतरतं. असं वर्षभर केलं, तर सुमारे ५५,००० भरूनही ७७,००० बाकी उरते. बाकी उतरते तसं मिनिममही उतरतं, आणि ओझं हलकं झाल्यासारखं वाटतं. खरा घोळ इथेच आहे.

यावरचा पहिला उपाय सोपा आहे: पहिल्या महिन्याचा ५,१५० हाच आकडा कायम धरा. मिनिमम घटलं तरी तुम्ही घटवू नका. याच व्याजात कर्ज ३० महिन्यांत संपतं. घटत्या मिनिममने चाललात तर तिसाव्या महिन्यालाही ५२,००० च्या आसपास बाकी असते.

मात्र त्या कार्डावर नवी खरेदी पूर्ण बंद हवी. मागची बाकी असताना बहुतेक कार्डांवर बिनव्याजी मुदत मिळत नाही, नव्या खरेदीवर लगेच व्याज सुरू होतं. ऑटो-पे ‘मिनिमम’वर असेल तर तेही बदला, हे हमखास राहून जातं.

कमी व्याजाचं वैयक्तिक कर्ज काढून कार्ड फेडणं चांगलं, पण प्रोसेसिंग फी धरून तुलना करा आणि कार्डाची मर्यादा त्याच दिवशी कमी करून घ्या. नाहीतर रिकामं झालेलं कार्ड पुन्हा भरतं आणि दोन कर्जं डोक्यावर बसतात.

कार्डाची शेवटची बाकी भरल्यावर पुढच्या स्टेटमेंटमध्ये थोडं व्याज दिसू शकतं. बिल निघाल्यापासून पैसे जमा होईपर्यंतच्या दिवसांचं ते असतं. तेही भरा, ते राहिलं तर त्यावर उशिराचा दंड लागू शकतो. बाकी शून्य दाखवणारं स्टेटमेंट हाती आल्यावरच ते खातं संपलं असं धरा.