कार्ब कमी करायचे की कॅलरी मोजायच्या? निवड कशी करावी आणि पाळावी कशी

वजन उतरायचं तर शरीराला खर्चापेक्षा कमी ऊर्जा मिळाली पाहिजे. याबद्दल दोन्ही पद्धतींत वाद नाही. कॅलरी मोजणारा ही तूट आकडेमोड करून पाडतो. कार्ब (कर्बोदकं, म्हणजे साखर-पिठाचे पदार्थ) कमी करणाऱ्याची तूट आकडेमोड न करताच पडते. भात, पाव, बिस्किटं, गोड पेयं ताटातून गेली की खाण्याचा मोठा हिस्सा जातो, त्याची जागा प्रथिनं आणि भाज्या घेतात आणि पोट लवकर भरतं. मग वाद कसला? जास्तीचं खाणं नेमकं कुठून येतं आणि कोणती शिस्त तुम्ही महिनोन्‌महिने पाळू शकाल, एवढंच ठरवायचं असतं.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ‘डाएटफिट्स’ अभ्यासाचे निष्कर्ष २०१८मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ६०९ जणांचे दोन गट करून वर्षभर एका गटाला कमी कार्बचा आणि दुसऱ्याला कमी चरबीचा आहार दिला होता. सरासरी घट अनुक्रमे ६ आणि ५.३ किलो झाली. हा फरक सांख्यिकीच्या दृष्टीने नगण्य होता. एकाच गटातल्या माणसामाणसांतला फरक मात्र प्रचंड होता. कुणाचं वजन खूप उतरलं, तर कुणाचं चक्क वाढलं. म्हणून शेजाऱ्याला काय लागू पडलं, यावरून आपला मार्ग ठरवू नये.

आधी सात दिवस फक्त नोंद

पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नका. तोंडात जाईल ते सगळं लिहा: पदार्थ, अंदाजे प्रमाण, वेळ. चहातली साखर, स्वयंपाक करताना घेतलेली चव, मुलांच्या ताटात उरलेला घास, हेही. शनिवार-रविवार या आठवड्यात यायलाच हवेत, कारण बहुतेकांचा हिशोब तिथेच फिसकटतो.

आठवडा संपला की दोन रंगांच्या पेनांनी खुणा करा. एका रंगाने साखर, पीठ, भात, बटाटा, गोड पेयं. दुसऱ्याने तेल, लोणी, चीज, सुका मेवा, तळलेलं. पहिला रंग वही व्यापून बसला असेल, तर कार्ब कमी करणं तुम्हाला सरळ पडेल. दुसरा रंग जास्त असेल, किंवा खाणं एरवी ठीक आणि फक्त वाढून घेण्याचं प्रमाण मोठं असेल, तर कार्ब कापून फारसं हाती लागणार नाही. तिथे मोजणंच हवं.

आणखी दोन गोष्टी पाहा. रोज बाहेरचं किंवा दुसऱ्याच्या हातचं खात असाल, तर अन्न काट्यावर तोलता येत नाही आणि ‘हे खायचं नाही’ असा साधा नियम जास्त टिकतो. उलट लांब पल्ल्याचं धावणं किंवा जोरकस खेळ चालू असेल, तर कार्ब फार कमी केल्यावर दम लवकर जातो. अशांनी कॅलरी मोजाव्यात आणि कार्ब व्यायामाच्या आधी-नंतर ठेवावेत. खाण्याबद्दल पूर्वी आजारपणाच्या पातळीचा ताण झालेला असेल, तर मोजमाप आणि बंदी दोन्ही टाळा आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच पुढे जा.

कॅलरी मोजायच्या ठरल्या तर

विश्रांतीतला खर्च काढण्यासाठी १९९०चं मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र पुरेसं आहे. वजनाला (किलो) १०ने गुणा, त्यात उंचीची (सेंमी) ६.२५ पट मिळवा, वयाची ५ पट वजा करा. पुरुषांनी शेवटी ५ मिळवायचे, स्त्रियांनी १६१ वजा करायचे. ४० वर्षांची, १६५ सेंमी उंचीची, ८० किलोची स्त्री घेतली तर ८०० + १०३१ − २०० − १६१, म्हणजे दिवसाला सुमारे १४७० कॅलरी. बैठं काम असेल तर याला १.२ने, आठवड्यातून काही दिवस हलका व्यायाम असेल तर १.३७५ने गुणायचं. इथे जवळजवळ सगळेच स्वतःला झुकतं माप देतात. दोन आकड्यांत घुटमळत असाल तर लहान घ्या.

वरच्या स्त्रीचे १.३७५ने गुणून २०२० आले. त्यातून ४५० वजा केले की दिवसाला साधारण १५७० कॅलरी. शरीरातल्या एक किलो चरबीत ढोबळमानाने ७७०० कॅलरी असतात, म्हणून या तुटीने आठवड्याला ४०० ग्रॅमच्या आसपास घट अपेक्षित आहे. ३०० ते ५००ची तूट बऱ्याच जणांना सोसते. देखरेखीशिवाय स्त्रियांनी १२०० आणि पुरुषांनी १५००च्या खाली उतरू नये.

यातली प्रथिनं आधी ठरवा: साधारणपणे गाठायच्या वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम. ती कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही झडतात आणि भूकही छळते. उरलेल्या कॅलरी कार्ब आणि चरबीत कशाही वाटा.

एक ग्रॅमपर्यंत अचूक असा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. वाटी, मूठ, पळी ही मापं सुरुवातीला फसवतात. सर्वांत मोठी फसगत तेलाची: एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी. कढईत ‘अंदाजाने’ ओतलेलं तेल बहुधा दोन चमचे निघतं. बाटलीच काट्यावर ठेवा, शून्य करा, तेल ओता आणि बाटली परत ठेवा. वजा आलेला आकडा म्हणजे वापरलेलं तेल.

दुसरी चूक कच्च्या-शिजलेल्याची. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ३६० कॅलरी, तर १०० ग्रॅम शिजलेल्या भातात १३०च्या आसपास. शिजवून तोललं आणि ॲपमध्ये कच्च्याची नोंद निवडली, की हिशोब जवळपास तिपटीने चुकतो. ॲपमधल्या बऱ्याच नोंदी वापरणाऱ्यांनीच भरलेल्या असतात. म्हणून नेहमीचे वीस-पंचवीस पदार्थ एकदा नीट तपासून स्वतःची यादी करून ठेवा.

एकाच भांड्यात सगळ्यांचं शिजत असेल, तर रिकामं भांडं तोलून आकडा लिहून ठेवा. टाकलेल्या जिन्नसांच्या कॅलरींची बेरीज करा. शिजल्यावर भांड्यासकट तोला. समजा रिकामं भांडं ९०० ग्रॅम, भरलेलं २३०० ग्रॅम आणि एकूण कॅलरी १६८०. मग अन्न १४०० ग्रॅम, म्हणजे ग्रॅममागे १.२ कॅलरी. ताटात ३०० ग्रॅम घेतलं तर ३६०.

आता सुट्टीच्या दिवसांचं गणित. पाच दिवस रोज ४५०ची तूट म्हणजे २२५०. शनिवारी आणि रविवारी खर्चापेक्षा प्रत्येकी हजार जास्त गेले, तर उरले २५०. माणूस प्रामाणिकपणे सांगतो की आठवडाभर पाळलं, आणि काटा हलत नाही. ‘काही खात नाही तरी वजन उतरत नाही’ म्हणणाऱ्यांवर अमेरिकेत १९९२मध्ये एक छोटा, पण गाजलेला अभ्यास झाला. त्या लोकांनी आपलं खाणं सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगितलं होतं. चयापचयात बिघाड सापडला नाही. हा खोटेपणा नव्हे. न तोललेलं अन्न नजरेला लहानच दिसतं.

कार्ब कमी करायचे ठरले तर

आधी औषधांचं पाहा, कारण इथे हयगय महागात पडते. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या चालू असताना कार्ब कापले, तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. एसजीएलटी-२ गटातली मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांना साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोॲसिडोसिस (रक्तात आम्ल साठण्याचा जीवघेणा त्रास) होऊ शकतो. रक्तदाबाच्या गोळ्यांचा डोसही कमी करावा लागू शकतो. मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण, अंगावर पाजणं, यांतलं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात नको.

दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कार्ब म्हणजे ढोबळमानाने लो-कार्ब. २० ते ५० ग्रॅम म्हणजे कीटो. थेट कीटोवर उडी घेण्याचं कारण बहुतेकांना नसतं. पाळायला कठीण आणि फायदा त्या मानाने थोडा. १०० ग्रॅमवर सुरुवात करा, चार आठवडे पाहा.

१०० ग्रॅम म्हणजे किती? १०० ग्रॅम शिजलेला भात २८ ग्रॅम, मध्यम सफरचंद २५, एक पेला (२५० मिली) दूध १२, तीनशे ग्रॅम पालेभाज्या, फुलकोबी, काकडी, ढोबळी मिरची मिळून सुमारे १५, दीडशे ग्रॅम साधं दही ७, मूठभर (३० ग्रॅम) बदाम ६. झाले ९३. अंडी, मासे, चिकन यांत कार्ब जवळजवळ नसतातच, त्यामुळे त्यांचं इथे ओझं नाही. शाकाहारी माणसाला मात्र डाळी-कडधान्यं हिशोबात धरावी लागतात: शिजलेल्या १०० ग्रॅम मसूरमध्ये २० ग्रॅम कार्ब, त्यातले ८ ग्रॅम चोथ्याचे, आणि ९ ग्रॅम प्रथिनं. तरी त्या काढू नका. भात काढा, डाळ ठेवा. पनीर, टोफू, दही जोडीला घ्या.

पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरतात आणि लोक हरखून जातात. ते बहुतांशी पाणी असतं. यकृत आणि स्नायूंत मिळून सुमारे ५०० ग्रॅम ग्लायकोजेन (कार्बचा राखीव साठा) साठलेलं असतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी असतं. साठा घटला की पाणी जातं. म्हणून पद्धत चालते का, हे दुसऱ्या आठवड्यापासूनच्या वजनावरून ठरवा. एखाद्या समारंभात भरपूर भात-गोड खाल्लं की दुसऱ्या दिवशी किलोभर वाढलेलं दिसेल. तेही पाणीच. त्यासाठी उपास करू नका, नेहमीच्या खाण्यावर परत या, तीन-चार दिवसांत उतरेल.

याच दिवसांत डोकं दुखणं, गळून जाणं, पायांत पेटके येणं असे त्रास होतात. इन्सुलिन खाली येतं तसं मूत्रपिंडं जास्त सोडियम बाहेर टाकतात. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास नसेल, तर दिवसातून एकदा मीठ घातलेलं गरम सूप घ्या. बद्धकोष्ठ झालं तर बहुधा भाज्या कमी पडताहेत. कार्बबरोबर चोथाही ताटातून गेलेला असतो.

पुढची अडचण महिनाभराने येते: कार्ब पाळूनही वजन थांबतं. तेव्हा पहिला संशय चीज, लोणी आणि सुक्या मेव्यावर घ्या. चरबीच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी, कार्ब आणि प्रथिनांत ४. शंभर ग्रॅम बदाम म्हणजे ५८०च्या आसपास. येता-जाता डब्यात हात घालणाऱ्याला शंभर ग्रॅम कधी संपले ते कळतही नाही. ‘कार्ब कमी आहेत, मग कितीही खा’ हा सल्ला जो देतो, त्याला कॅलरी ठाऊक नाहीत. ‘लो-कार्ब’ असं लिहिलेल्या वड्या आणि बिस्किटांनाही हेच लागू. सुरुवातीला आणि तीन महिन्यांनी रक्तातली चरबी तपासून घ्या. काही जणांचं एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) या आहारात चांगलंच वाढतं. तसं झालं तर लोणी-चीज कमी करून तेलबिया, मासे, ऑलिव्ह तेल यांकडे वळा.

काटा वाचायचा कसा

रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा, पण निर्णय सात दिवसांच्या सरासरीवर घ्या. एका दिवसात किलोभर चढउतार मीठ, झोप, पोटातलं अन्न यांनी सहज होतो. पाळी येणाऱ्या स्त्रियांनी या आठवड्याची तुलना चार आठवड्यांपूर्वीच्या त्याच आठवड्याशी करावी. बेंबीच्या पातळीवर कमरेचा घेर पंधरा दिवसांनी मोजा.

सरासरी तीन आठवडे जागची हलली नाही तरच हात घाला. क्रम असा: आधी एक आठवडा पुन्हा काटेकोर तोलून लिहा. गळती सापडली नाही तर १०० ते १५० कॅलरी कमी करा, किंवा चालणं दिवसाला अर्ध्या तासाने वाढवा. चार-पाच किलो उतरल्यावर सूत्रात नवं वजन घालून आकडा पुन्हा काढा. हलक्या शरीराचा खर्च कमी, शिवाय कमी खाणारा माणूस नकळत हालचालही कमी करतो. लो-कार्बवाल्यांनी या टप्प्यावर दहा दिवस कॅलरी मोजून पाहाव्यात. मोजणाऱ्यांना सतत भूक लागत असेल तर त्यांनी एकूण आकडा तोच ठेवून कार्बमधले ५० ग्रॅम प्रथिनांकडे वळवावेत. एकच पद्धत धरून बसायची शपथ कुणी घातलेली नाही.

हवं ते वजन आल्यावर जुन्या ताटाकडे एकदम परतायचं नाही. कॅलरी मोजणाऱ्यांनी दर आठवड्याला रोजच्या १०० ते १५० कॅलरी वाढवत न्याव्यात आणि सरासरी स्थिर होईल तिथे थांबावं. लो-कार्बवाल्यांनी दर आठवड्याला २० ते २५ ग्रॅम कार्ब वाढवावेत, आधी फळं आणि कडधान्यं, नंतर भात आणि पाव. पहिल्या दोन आठवड्यांत परत आलेलं किलो-दीड किलो पाणी धरून चाला. तिसऱ्या आठवड्यानंतरही सरासरी चढत राहिली, तर शेवटची वाढ मागे घ्या.