उचल घेण्याआधी: ऊसतोड कामगाराच्या मुलाला दहावीपार कसं न्यायचं

बीड, पाथर्डी, शेवगाव, घनसावंगी या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात आठवीच्या वर्गात एका बाकावर बसणारी दोन मुलं घ्या. चार वर्षांनी त्यातला एक तंत्रनिकेतनात असतो आणि दुसरा साखर कारखान्यासाठी ऊस तोडायच्या फडात. दोघांच्या बुद्धीत फारसं डावं-उजवं नसतं. आई-बाप ऊसतोडीला परगावी गेल्यावर, दिवाळीनंतर, मूल कुणापाशी राहिलं, दाखले वेळेत निघाले का, आणि निकाल लागल्यावर फॉर्म भरायला सोबत कोण गेलं, यावर बरंचसं ठरतं. शाळेतले शिक्षक, गावातली शिकलेली पोरं, मामा-मावशी, कुणीही हे काम करू शकतं. फक्त एका माणसानं एका वेळी दोनपेक्षा जास्त मुलं अंगावर घेऊ नयेत. दहा मुलांना भाषण देता येतं, पण दहा मुलांसोबत तहसीलच्या रांगेत उभं राहता येत नाही.

बोलणी पोळ्याच्या सुमारास

बहुतेक जण शाळेतून नाव कमी व्हायची वेळ आली की पालकांना भेटायला जातात. तोवर उशीर झालेला असतो. मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ रक्कम) पावसाळ्यात वाटायला सुरुवात होते आणि दसऱ्यापर्यंत बहुतेक घरांत पोचते. ती कोयत्यावर ठरते: नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता. घरात पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा असेल तर त्याला धरून दीड कोयत्याची उचल ठरते. ते पैसे घराच्या पत्र्याला, आजारपणाला, जुन्या फेडीला गेले की मुलगा शब्दात अडकतो. मग बापाची इच्छा असली तरी त्याला मागे ठेवता येत नाही. म्हणून पोळ्याच्या आसपास, उचलीचा आकडा ठरायच्या आधी घरी जा.

जाताना आई, बाप आणि आजी तिघंही घरी असतील अशी वेळ धरा. आजीला वगळून झालेली बोलणी टिकत नाहीत, कारण मूल सहा महिने तिच्याच जिवावर राहणार असतं. शिक्षणाचं महत्त्व सांगत बसू नका. ते त्यांना तुमच्याइतकंच कळतं, दरवर्षी पाठीवर मोळी वाहताना कळतं. सरळ विचारा: "काका, दिवाळीनंतर पोरगं कुणापाशी ऱ्हाणार?" मग गप्प बसा. अडचणी आपोआप बाहेर येतात आणि त्या नेमक्या असतात: आजीला दिसत नाही, घरात धाकटं तान्हं आहे, पोरगी वयात आलीय आणि घराला दार धड नाही.

यातली तान्ह्या भावंडाची अडचण सर्वांत चिवट. आई ऊस तोडायला गेल्यावर कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत) बाळ कोण सांभाळणार, म्हणून मोठ्या मुलीला नेलं जातं. आजी दोघांनाही ठेवायला तयार नसेल तर मुलगी थांबेल असं गृहीत धरू नका. अशा वेळी चुलती, आत्या यांच्याशी बोलणी लावावी लागतात आणि बाळाच्या दुधाचा खर्च कोण देणार हेही तिथेच ठरवावं लागतं. मुलीच्या बाबतीत रात्री घरात कोण झोपणार, शाळेला कुणाबरोबर जाणार, मोबाइल कुणाकडे राहणार, या तीन प्रश्नांची उत्तरं नावानिशी मिळाली पाहिजेत. "बघू काहीतरी" याचा अर्थ मुलगी फडावर जाणार.

नोकरीचं आमिष कधीच दाखवू नका. गावात पदवी घेऊन घरी बसलेला कुणीतरी असतोच आणि बाप लगेच त्याच्याकडे बोट दाखवतो.

हंगामात मूल राहणार कुठे

पहिली ते आठवीच्या मुलांसाठी जिल्हा परिषदेच्या शाळांत हंगामी वसतिगृहाची सोय होते. स्थलांतराआधी सर्वेक्षण होतं, त्यात नाव असावं लागतं. मुख्याध्यापकांना ऑक्टोबरमध्ये विचारा. नववी-दहावीची खरी पंचाईत, कारण ही सोय तिथवर पोचत नाही. मुलींसाठी तालुक्यातलं कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय, दोघांसाठी समाजकल्याणची सरकारी वसतिगृहं आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीची संत भगवान बाबा शासकीय वसतिगृहं हे पर्याय तपासा. त्यांचे अर्ज शाळा सुरू होतानाच, जून-जुलैमध्ये निघतात. दिवाळीत गेलात तर जागा संपलेल्या असतात.

आजीकडेच राहायचं ठरलं तर आई-बाप निघायच्या आधी रेशनचं पक्कं करा. अन्न सुरक्षा योजनेत माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. एकाच कार्डावरचं काही धान्य कारखान्याच्या गावी आणि काही मूळ गावी उचलता येतं, पण गावात ज्याच्या अंगठ्यावर धान्य निघणार त्याची ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) झालेली हवी. आजीचे ठसे कष्टानं झिजलेले असतात आणि यंत्र ते घेत नाही. मुलाचा अंगठा आधीच लावून बघा.

गावातून शाळेला एसटीनं जायचं असेल तर ग्रामीण भागातल्या बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत आहे, मुलांना सवलतीत. शाळेचं पत्र लागतं आणि पास ठरावीक मुदतीनं नवा काढावा लागतो. पास संपला म्हणून आठवडाभर घरी बसलेली मुलं दर हंगामात सापडतात.

आठवीतच एक परीक्षा

एनएमएमएस म्हणजे राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, चार वर्षांचे ४८,०००. बापाशी बोलताना अर्ध्या कोयत्यासमोर ठेवायला हाच आकडा कामाला येतो. मूल सरकारी, अनुदानित किंवा स्थानिक संस्थेच्या शाळेत आठवीत हवं, सातवीला ५५ टक्के हवेत (अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के), घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्न, ९० मिनिटं. परीक्षा साधारण डिसेंबरात, म्हणजे ऐन गळितात. फॉर्म भरून मूल फडावर गेलं तर पैसेही गेले.

निवड होऊनही पैसे न येण्याची कारणं ठरलेली आहेत: खातं आधारशी जोडलेलं नाही, व्यवहार नसल्यानं खातं बंद पडलंय, किंवा आधारवर आडनाव एक आणि शाळेत दुसरं. शिवाय दरवर्षी पोर्टलवर नूतनीकरण करावं लागतं आणि ते मुलाला कुणी सांगत नाही. अकरावीत पैसे चालू राहायला दहावीत ६० टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ५५. दहावीनंतर विनाअनुदानित खासगी कॉलेजात गेलं तर शिष्यवृत्ती तुटते. प्रवेश घेताना हे डोक्यात ठेवा.

दाखले: कुठला कधी

हा भाग रटाळ आहे, पण सर्वांत जास्त मुलं इथेच गळतात. कारण साधं आहे. दाखल्यांना आई-बापाची सही, फोटो, स्वयंघोषणापत्र लागतं आणि ते नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत गावात नसतात.

जातीचा दाखला आणि वय-राष्ट्रीयत्व-अधिवास दाखला एकदा काढला की झालं. हे दोन्ही नववीच्या वर्षात, दसऱ्याच्या आधी काढून घ्या. उत्पन्नाचा दाखला मात्र त्या घाईत काढू नका. त्याची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे ऑक्टोबरात काढलेला दाखला जूनच्या प्रवेशाला चालत नाही. तो आई-बाप परत आल्यावर, एप्रिल-मेमध्ये काढायचा आणि त्याच्या पाठोपाठ नॉन-क्रीमी लेयरचा दाखला (उत्पन्न मर्यादेच्या आत असल्याचा).

जातीच्या दाखल्यात वेळ जातो तो जुन्या पुराव्यात. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीपासूनच्या वास्तव्याचा, जातीच्या नोंदीचा कागद लागतो. वंजारी समाज भटक्या जमाती (ड) मध्ये येतो, म्हणजे १९६१ च्या आधीचं काहीतरी हवं. आजोबा किंवा चुलत आजोबा शाळेत एक-दोन वर्षं जरी गेले असतील तरी त्या शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा मिळतो. कुणीच शाळेत गेलं नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंद शोधायची. चुलत भावाचा वैधता दाखला (जात पडताळणी झाल्याचा) घरात असेल तर निम्मं काम झालं, म्हणून आधी भावकीत विचारा.

दहावीचा फॉर्म शाळा ऑनलाइन भरते, तेव्हा नावाची यादी सहीसाठी येते. त्या दिवशी आधार कार्ड समोर ठेवून मुलाचं, बापाचं, आईचं नाव अक्षरन् अक्षर जुळवा. निकालानंतर दुरुस्ती होते, पण तोपर्यंत प्रवेशाच्या फेऱ्या निघून जातात.

दहावीचं वर्ष

प्रत्येक विषयात १०० पैकी ३५ हवेत. त्यातले २० गुण शाळेच्या हातात, तोंडी, प्रात्यक्षिक, गृहपाठ यांचे. गणितात बीजगणित ४०, भूमिती ४० आणि अंतर्गत २०, आणि पास व्हायला एकूण ३५ पुरतात. अंतर्गतमध्ये १५ मिळवणाऱ्याला दोन पेपर मिळून वीसच काढायचे राहतात. जानेवारी-फेब्रुवारीत "आठ दिवस भेटून येतो" म्हणून फडावर गेलेलं मूल नेमकं हेच गुण घालवून बसतं. भेटायचं असेल तर दिवाळीत भेटू दे, किंवा आईनं संक्रांतीला एक फेरी करावी.

चित्रकलेत हात असेल तर इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा द्यायला लावा. ए श्रेणीला ७, बीला ५, सीला ३ गुण दहावीत वाढीव मिळतात आणि ही परीक्षा बहुधा हंगामाच्या आधीच होते.

तुमचं काम आठवड्यातून एक भेट, तीही ठरलेल्या वारी. गेल्यावर "अभ्यास चालू आहे का" हे विचारू नका, त्याचं उत्तर "हो" असंच येतं. वही उघडायला सांगा आणि मागच्या भेटीनंतरची पानं बघा. भूमितीतलं एखादं प्रमेय तुमच्यासमोर लिहायला लावा. घरात जेवायला काय झालं ते चुलीकडे बघून कळतं. मग आई-बापाला फोन लावून द्या, रात्री आठनंतर. तोड पहाटेच सुरू होते आणि गाडी भरायची वेळ सांगता येत नाही, त्यामुळे दिवसा फोन उचलला जात नाही. फोनवर मुलाची तक्रार करू नका. तिकडे बाप काही करू शकत नाही आणि इकडे मुलाचा तुमच्यावरचा भरवसा जातो.

मुंबईत केळुसकर गुरुजींनी भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याला आधी पुस्तकं पुरवली. १९०७ ला तो मॅट्रिक झाला आणि पुढच्या शिक्षणाला पैसे कमी पडले, तेव्हा गुरुजींनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपये शिष्यवृत्ती सुरू झाली. मार्गदर्शकानं करायचं काम अजूनही एवढंच आहे: मूल जिथवर पोचू शकत नाही तिथे आपली ओळख वापरायची.

निकालानंतरचा पंधरवडा

अकरावी, तंत्रनिकेतन आणि आयटीआय या तिन्हींचे फॉर्म वेगळे, संकेतस्थळं वेगळी, तारखा वेगळ्या. तिन्ही भरा. एक मिळालं नाही की दुसरं बघू, असं म्हटलं तर दुसऱ्याची मुदत संपलेली असते. अकरावीची ऑनलाइन प्रक्रिया २०२५-२६ पासून राज्यभर लागू झाली. त्यात पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळून प्रवेश घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून मूल बाहेर पडतं. म्हणून पहिल्या क्रमांकाला नावाजलेलं कॉलेज टाकण्याआधी तिथे राहायचं कुठे ते ठरवा.

गणित बऱ्यापैकी येत असेल आणि घरून पाच-सहा वर्षं पैसे येण्याची शक्यता नसेल तर तंत्रनिकेतनातली तीन वर्षांची पदविका ही आमच्या मते सर्वांत शहाणी वाट. त्यानंतर नोकरी धरता येते किंवा अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. गुण कमी असतील तर आयटीआयला कमी लेखू नका. इलेक्ट्रिशियन, फिटर दोन वर्षांचे, वेल्डर एक वर्षाचा. दोन वर्षांचा ट्रेड केल्यावर पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला जागा मिळू शकते. विज्ञान घ्यायचं तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवावं की नाही यावर घरोघरी वाद होतात. मुलाला झेपत असेल तर ठेवा. बीएस्सी नर्सिंगला जीवशास्त्र लागतं, अभियांत्रिकीला गणित. कला शाखेतून पुढे डीएलएड (शिक्षक व्हायची पदविका), पाच वर्षांचा कायदा, पोलीस भरती हे रस्ते उघडे राहतात, पण कलेतून विज्ञानात परत येता येत नाही.

पोलीस भरतीचं वेड मुलांना दहावीतच लागतं. बारावी पास आणि १८ पूर्ण झाल्याशिवाय अर्जच करता येत नाही, तेव्हा दहावीनंतर ॲकॅडमीची फी भरू नका.

मुलींच्या बाबतीत याच उन्हाळ्यात घरात स्थळांची बोलणी सुरू होतात. लग्न झालं की नवा कोयता पूर्ण होतो, हे त्यामागचं उघड गणित आहे. आधी आजी किंवा मामाला मध्ये घाला. नाहीच ऐकलं तर ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) हा गावातला बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतो आणि १०९८ या चाइल्डलाइनवर नाव न सांगता कळवता येतं. कायद्यात दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. मंडप पडल्यावर फोन करण्यापेक्षा सुपारी फुटायच्या आधी केलेला बरा, त्यात मुलीची फरफट कमी होते.

एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या सवलतीवर, अकरावीला बसता येतं आणि जुलैच्या सुमारास पुरवणी परीक्षा असते. निकालाच्या दिवशीच हे मुलाला सांगा, कारण नापास मुलं त्याच आठवड्यात मुकादमाच्या यादीत जातात. आणि मूल आधीच फडावर गेलेलं असेल, शाळा सुटून वर्ष-दोन वर्षं झाली असतील, तर १७ नंबरचा फॉर्म आहे. बाहेरून दहावीला बसण्यासाठी किमान पाचवी पास आणि वय १४ पूर्ण लागतं, शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. नोंदणी पावसाळ्यातच होते, म्हणजे माणसं गावात असतात तेव्हा.