जुन्या गाडीतील पेट्रोलगळती कशी शोधावी

खानदेशात जुन्या गाडीची पेट्रोलगळती शोधताना पहिली अडचण ही येते, की थेंब सापडतच नाही. आखाजीच्या सुमारास जळगाव-भुसावळकडे पारा ४३-४४ अंशांवर गेला, की पाझरलेले पेट्रोल जमिनीवर पोहोचण्याआधीच उडून जाते आणि मागे केवळ वास उरतो. त्यामुळे थेंबाची वाट न पाहता डाग शोधावा, आणि त्याहीआधी वास नेमका केव्हा येतो, हे तीन-चार दिवस वहीत टिपून ठेवावे.

गाडी मोकळ्या जागेत, उजाडताना, इंजिन पूर्ण थंड असताना तपासावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती गॅरेजच्या खड्ड्यात साचते. तेथे उतरून शोध घेणे हा शुद्ध वेडेपणा आहे. अनेकांकडे गाडी कडब्याच्या शेडमध्येच उभी असते, ती आधी तेथून ढकलत बाहेर काढावी. बॅटरीची ऋण तार सोडवावी, बिडी-सिगारेट आणि देवघरातील उदबत्तीसुद्धा दूर ठेवावी, तारेचा हॅलोजन दिवा न वापरता बॅटरीवर चालणारी एलईडी टॉर्च गाडीपासून लांब असतानाच लावून मग जवळ आणावी, आणि कोरड्या पावडरचे अग्निशामक नळकांडे हाताशी असू द्यावे.

आता वहीतील टिपणांकडे यावे. टाकी काठोकाठ भरल्यावरच वास येत असेल आणि दोन दिवसांनी आपोआप थांबत असेल, तर दोष टाकीच्या वरच्या भागात, म्हणजे भरण्याच्या नळीच्या जोडात किंवा पेट्रोलचा काटा चालवणाऱ्या फ्लोटच्या (तरंगत्या गोळ्याच्या) गास्केटमध्ये, म्हणजे जोड घट्ट बंद ठेवणाऱ्या चकतीत, असतो. उन्हाळ्यात हा प्रकार अधिक दिसतो, कारण ३० लिटर पेट्रोल २० अंशांनी तापले, तर ते अर्ध्या लिटरहून अधिक फुगते. इंजिन चालू असतानाच वास येत असेल, तर पंप ते कार्बोरेटर (पेट्रोल व हवा मिसळणारा भाग) हा दाबाखालचा भाग पाहावा. इंजिन बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी येत असेल, तर कार्बोरेटरमधील पेट्रोल अडवणारी सुई किंवा ती वर-खाली करणारा तेथील फ्लोट यांवर संशय घ्यावा.

टाकी ते पंप हा टप्पा मात्र फसवा आहे. प्रीमियर पद्मिनी किंवा अॅम्बेसेडर या जुन्या गाड्यांमध्ये पंप इंजिनावर बसवलेला असतो आणि तो पेट्रोल ओढून घेतो, त्यामुळे या नळीला चीर असली तर गाडी चालताना पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते. दुपारी चढावर गाडी अडखळते, चालक उन्हाला दोष देऊन पंपावर ओले फडके टाकतो, आणि खरी चीर मागे तशीच राहते.

पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला लवचिक पडदा, फाटल्यास बहुतेक पंपांच्या अंगावरील बारीक छिद्रातून पेट्रोल झिरपते, किंवा ते थेट इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिक (ऑइलची पातळी पाहण्याची पट्टी) काढून वास घ्यावा. ऑइलची पातळी वाढलेली आणि वास पेट्रोलचा असेल, तर ऑइल व डायफ्राम दोन्ही बदलल्याशिवाय गाडी चालवू नये.

डाग शोधण्यासाठी संशयित भाग पुसून पूर्ण कोरडा करावा, त्यावर शंखजिरे पावडर किंवा खडूची भुकटी पातळ फासावी, आणि खाली पांढरा कागद अंथरावा. पाझर लागताच भुकटी ओली होऊन गडद दिसते. जुनी गळती असेल तर चहाच्या ओघळासारखी पिवळट-तपकिरी रेघ धातूवर आधीच उमटलेली असते. ती खालून वर पाहत जावी, कारण पेट्रोल नळीवरून वाहत भलत्याच ठिकाणी टपकते. माझ्या पद्मिनीत रेघ टाकीच्या तळाशी दिसत होती. मी तळाचा बोल्ट दोनदा आवळला आणि एका गॅरेजात पंपही बदलून घेतला. प्रत्यक्षात काट्याच्या फ्लोटखालचे गास्केट वाळून तडकले होते, आणि त्या बारीक चिरेतून येणारे पेट्रोल टाकीच्या बाजूने खाली ओघळत होते.

रबरी नळ्या केवळ डोळ्यांनी तपासू नयेत. त्या बोटांनी वाकवाव्यात, म्हणजे वरच्या अंगाच्या चिरा उघडतात. पद्मिनीचे उत्पादन या शतकाच्या आरंभीच थांबले, त्यामुळे सर्वांत नव्या गाडीचेही मूळ रबर जवळपास पाव शतकाचे आहे. त्यात आता पेट्रोल पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि जुने रबर त्याने फुगते, मऊ पडते. बदलताना इथेनॉल सोसणारीच नळी मागावी. उंदीर-खारींनी कुरतडलेला तुकडाही क्वचित सापडतो.

टाकीच्या बारीक छिद्रावर कपडे धुण्याचा साबण घासणे हा जुना उपाय घरापर्यंत पोहोचण्यापुरता ठीक आहे. परंतु टाकी रिकामी आहे म्हणून तिला वेल्डिंग करू नये. वाफेने भरलेली रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते.

दुरुस्तीनंतर ज्या परिस्थितीत वास येत होता, तीच परिस्थिती पुन्हा आणावी. टाकीच्या गळतीसाठी टाकी पूर्ण भरून गाडी मोकळ्या आवारात दुपारभर उन्हात उभी करावी, आणि सायंकाळी भुकटी कोरडी असल्याची खात्री करूनच ती शेडमध्ये न्यावी.