बेसबॉलमधल्या रिलीफ पिचरचे (सुरुवातीच्या पिचरनंतर चेंडू हाती घेणाऱ्याचे) आकडे लीगच्या सरासरीशी ताडताय? या चुका टाळा

बहुतेकांची गाडी पहिल्याच रकान्यात घसरते, इनिंगच्या. एका इनिंगला तीन बाद, म्हणून ६१.२ म्हणजे ६१ इनिंग आणि वर दोन बाद. त्या ‘.२’चा दशांशाशी काही संबंध नाही. क्रिकेटमधली १८.४ षटकं ज्यांना झोपेतून उठवलं तरी कळतात, तेच इथे बिनधास्त बेरीज मारतात. ६१.२ आणि ५८.२ मिळून एक्सेल ११९.४ दाखवतं, खरं उत्तर १२०.१. उपाय साधा आहे: इनिंग ठेवूच नका, सगळ्यांचे बाद करा. १८५ अधिक १७६, ३६१ बाद. मग अर्न्ड रन (क्षेत्ररक्षणाच्या चुकीमुळे आलेले सोडून पिचरच्या खात्यावर लागणारे रन) गुणिले २७ भागिले बाद, की ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागचे अर्न्ड रन, हाती.

दुसरी चूक जास्त महागात पडते: दरवर्षीच्या ईआरएची सरळ सरासरी. एका वर्षी ६० इनिंगमध्ये १५ अर्न्ड रन, म्हणजे २.२५. पुढच्या वर्षी दुखापतीमुळे १० इनिंगच, त्यात १० रन, म्हणजे ९.००. सरळ सरासरी ५.६३ येते, खरा ईआरए ३.२१. हे पटवून घेणारे लोकही लीगच्या बाजूला तीच चूक करतात. यांकीजचा रिलीफ पिचर मारियानो रिव्हेरा १९९६ मध्ये १०७.२ इनिंग खेळला आणि २०१२ मध्ये गुडघ्याने दगा दिल्यामुळे जेमतेम ८.१. लीगच्या वार्षिक आकड्यांची सपाट सरासरी काढली की या दोन वर्षांना सारखंच वजन मिळतं. दरवर्षीच्या लीग ईआरएला त्या पिचरच्या त्या वर्षीच्या बादांनी गुणा, बेरीज करा, एकूण बादांनी भागा. हंगामाच्या मध्येच लीग बदलली असेल तर दोन वेगळ्या ओळी करा. अर्धा तास जातो. तेवढा धीर नसेल तर तुलनेच्या भानगडीत पडूच नये.

याच रिव्हेराचा कारकिर्दीचा ईआरए २.२१, पण १९९५ मध्ये त्याने सुरुवातीचा पिचर म्हणून १० सामने खेळले आणि त्यांतल्या ५० इनिंगमध्ये ३३ अर्न्ड रन दिले. फक्त रिलीफचा हिशेब धरला तर ईआरए २.०६. म्हणून आधी भूमिकेनुसार आकडे वेगळे करा. लीगच्या बाजूलाही रिलीफ पिचरांचीच सरासरी घ्या: एकच इनिंग पूर्ण जोर लावून टाकणारा आणि तेच बॅटर तिसऱ्यांदा समोर येणारा सुरुवातीचा पिचर यांना एका तराजूत कसं तोलणार?

ईआरए प्लस म्हणजे लीगची सरासरी १०० धरून मांडलेला ईआरए, जितका जास्त तितका चांगला. पण २०५ म्हणजे ‘१०५ टक्क्यांनी चांगला’ नाही. १०० ला २०५ ने भागा: लीगच्या सुमारे ४९ टक्के, म्हणजे साधारण निम्मे रन. या आकड्यात मैदानाचा हिशेब आधीच धरलेला असतो, त्यावर पुन्हा पार्क फॅक्टर (मैदानामुळे रन किती कमी-जास्त होतात त्याचा गुणक) लावू नका. (डेन्व्हरच्या विरळ हवेत जास्त रन खाणाऱ्या पिचरांना एवढी दुहेरी दया नको.)

काळ विसरू नका. १९६८ मध्ये लीगचा ईआरए ३ च्याही किंचित खाली होता, २००० मध्ये ४.७ च्या वर. ३.०० ईआरए तिथे सामान्य, इथे उत्तम. १९६९ मध्ये माउंड, म्हणजे पिचर जिथून चेंडू टाकतो तो उंचवटा, १५ इंचांवरून १० इंचांवर आणला, तो उगीच नव्हे.

सेव्ह (आघाडी टिकवून सामना संपवल्याची नोंद) मोजून जुन्या काळच्या रिलीफ पिचर हॉइट विल्हेल्मला कमी लेखणाऱ्यांसाठी: सेव्ह अधिकृत झालं १९६९ मध्ये, तोवर त्याची बहुतेक कारकीर्द झाली होती.

आधीच्या पिचरने बेसवर सोडलेले धावपटू घरी आले तर ते रन त्याच्याच नावावर लागतात, रिलीफवाल्याचा ईआरए स्वच्छ राहतो. अशा धावपटूंचा रकाना वेगळा बघा.

आणि एका हंगामावरून निकाल देऊ नका. ६५ इनिंग, १८ अर्न्ड रन: २.४९. एका वाईट रात्री एकच बाद करून पाच रन दिले, की तोच आकडा ३.१७.